पाणी पाहून पर

मुंबई-पुण्याच्या वाटेवर वसलेल्या गावांचे एक दुर्दैव असते. त्यांच्या अंगणातून नित्य हजारो लोक जातात, परंतु त्यांचा उंबरठा ओलांडणारे विरळा. कर्जत हे असेच एक गाव. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस बोरघाट चढावयाचा म्हणजे मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेवढा वेळ गाडी कर्जतास थांबते, तेवढ्यात उतारू फलाटावरील बटाटेवड्याचा समाचार घेतात आणि कर्जत पाहिल्याचे समाधान मानून पुढे जातात. शेजारच्या खालापुराचे दैव याहूनही उणे. द्रुतगती मार्गावरील टोलनाका एवढीच त्याची ओळख पुष्कळांस असते.

आमचे धाकटे बंधू नोकरीतून मोकळे झाल्यावर कर्जतास घर बांधून राहिले, म्हणून वर्षातून दोन वेळा तरी आम्हांस तेथे जाण्याचा योग येतो. राजमाची, कोंढाण्याची लेणी, पेठचा किल्ला, महडचा वरदविनायक यांची वर्णने आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ती येथे पुन्हा उगाळण्याचा आमचा विचार नाही. गेल्या मार्गशीर्षातील मुक्कामात या प्रदेशाने आम्हांस एक निराळाच धडा दिला. तो धडा पाण्याचा होता, आणि त्याचे निमित्त मोठे विलक्षण होते. समुद्राच्या लाटेवर उभे राहून धावावयाच्या एका लांब फळीस खालून कोणता पर लावावा, हा प्रश्न आमच्या घरात उत्पन्न झाला आणि त्याचे उत्तर आम्हांस समुद्रापासून कित्येक कोस आत, डोंगराच्या पायथ्याशी सापडले.

प्रथम या प्रदेशाच्या पाण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कर्जत तालुक्यातून उल्हास नदी वाहते. राजमाचीच्या दरीत उगम पावून ती कर्जतावरून, नेरळावरून कल्याणाकडे जाते आणि अखेर वसईच्या खाडीस मिळते. तिला मिळणारी पेज नदी ही कर्जतकरांची विशेष लाडकी. खालापूर तालुक्यातून पाताळगंगा वाहते, आणि त्याच तालुक्याच्या दक्षिण अंगास अंबा नदी डोंगरांतून वाट काढते. कोकणातील नद्यांचा सामान्य स्वभाव असा की, पावसाळ्यात त्या रौद्ररूप धारण करतात आणि होळीच्या सुमारास त्यांत गुरांच्या पिण्यापुरतेही पाणी उरत नाही. पेज आणि पाताळगंगा मात्र याला अपवाद होत. उन्हाळ्यातही त्या वाहतात, आणि याचे श्रेय निसर्गापेक्षा मनुष्याच्या खटपटीस अधिक आहे.

लोणावळ्याच्या माथ्यावर टाटांनी तलाव बांधून तेथील पाणी मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस सोडले आणि १९१५ साली तेथे वीजघर सुरू केले. ठोकरवाडीच्या तलावाचे पाणी घेऊन कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. मुळशीच्या पाण्यावरील भिऱ्याचे वीजघर १९२७ सालचे. ते याच रायगड जिल्ह्यात, पण अधिक दक्षिणेस आहे. जे पाणी इंद्रायणीतून भीमेस, भीमेतून कृष्णेस आणि कृष्णेतून पूर्वसमुद्रास मिळावयाचे, ते सह्याद्रीच्या कड्यावरून मागे फिरवून पश्चिमसमुद्राकडे धाडले गेले. भगीरथाने गंगा स्वर्गातून खाली आणली; येथील यंत्रविशारदांनी घाटमाथ्यावरची गंगा पाताळगंगेत उतरविली. वीज निर्माण करून मोकळे झालेले पाणी नदीच्या पात्रात येते आणि वाहू लागते. वीजघर चालू झाले म्हणजे पाणी चढते, बंद झाले म्हणजे उतरते. तेव्हा या नद्यांस एक प्रकारची भरती-ओहोटीच आहे म्हणावयास हरकत नाही.

आता फळीकडे वळू. आमची थोरली नात मुंबईस शिकते. पोहण्यात ती लहानपणापासून तरबेज. पदवीची परीक्षा झाल्यावर तिने दोन महिने कर्नाटकाच्या किनाऱ्यावर राहून लाटेवरच्या फळीची विद्या संपादन केली आणि एके दिवशी मोटारीच्या टपावर नऊ फूट चार इंच लांबीची एक फळी बांधून ती चुलतकाकांसह कर्जतास येऊन दाखल झाली. तेथून अलिबागेकडे जाऊन समुद्रात उतरावयाचे, असा तिचा बेत होता. ओटीवर ती फळी आडवी ठेवली तेव्हा माजघराकडे जाण्याची वाटच बंद झाली. आजीने एकवार तिच्याकडे पाहून, पापड वाळत घालावयास बरी आहे, असा अभिप्राय दिला.

ही विद्या मूळची हवाई बेटांतील व प्रशांत महासागरातील इतर बेटांवरील लोकांची. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ साली तिचे वर्णन लिहून ठेविले आहे. हवाईचा विख्यात जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने १९१४-१५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात तिची प्रात्यक्षिके केली, आणि ऑलिंपिक सामन्यांत तिचा प्रवेश टोकियोच्या खेळांत, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली झाला. इतक्या पुरातन विद्येत एक गोष्ट मात्र फार उशिरा आली. शतकानुशतके या फळ्या खालून अगदी सपाट होत्या. लाट तिरकी कापू लागताच फळीचा मागचा भाग घसरे आणि स्वार पाण्यात पडे. ती वळविण्यासाठी कित्येकदा एक पाय पाण्यात बुडवून ओढावा लागे. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थाने एका मोडक्या वेगवान बोटीच्या बुडाखालचा पत्रा काढून तो आपल्या फळीच्या शेपटाखाली बसविला, आणि फळी घसरेनाशी झाली. माशाच्या पराचे काम त्या पत्र्याने केले. त्यास इंग्रजीत फिन म्हणतात. आम्ही त्यास परच म्हणू.

आमच्या संस्कृतच्या नादामुळे आम्हांस येथे 'कर्णधार' हा शब्द आठवला. संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. आज हा शब्द क्रिकेटच्या वार्तेतच अधिक आढळतो, ती गोष्ट निराळी. आम्ही नातीस म्हटले, "म्हणजे हा पर तुझ्या फळीचे सुकाणूच की." ती म्हणाली, "नाही आजोबा. सुकाणू हलवता येते, पर हलत नाही. वळवायचे काम पायांचे. पर फक्त शेपूट धरून ठेवतो." हा भेद मार्मिक होता. कर्णधार स्वारच, पर हा फळीचा केवळ निग्रह.

हा निग्रह किती असावा, यावरून घरात वाद पडला होता. तिच्याजवळ तीन प्रकारचे पर होते. पहिला दहा इंचांचा, म्हणजे एक वीत आणि वर बोटभर. तो जवळजवळ सरळ उभा असून टोकाशीही चांगला रुंद होता. दुसरा आठ इंचांचा; बुडाशी रुंद, मागे किंचित कललेला आणि टोकाकडे निमुळता. तिसरा प्रकार म्हणजे तीन परांचा संच: मध्ये सात इंचांचा एक आणि दोन्ही बाजूंस साडेतीन इंचांचे दोन छोटे. नातीची भिस्त पहिल्यावर. कारण तिला फळीच्या पुढच्या टोकावर जाऊन उभे राहण्याची हौस होती. चुलतकाकांचे मत तिसऱ्यास अनुकूल. आजीचे मत यांतील एकासही अनुकूल नव्हते.

टोकावर उभे राहणे ही या विद्येतील मोठी नजाकतीची गोष्ट समजली जाते. लाट धावत असता स्वार फळीवर पावलामागे पाऊल टाकीत पुढे जातो आणि अखेर दहाही पायांची बोटे फळीच्या कडेबाहेर काढून उभा राहतो. ज्याने बैलगाडी हाकली आहे त्यास यातील मर्म लवकर कळेल. मागे ओझे अधिक झाले तर गाडी उलाळ होते, पुढे अधिक झाले तर धुरजड होते. नऊ फुटी फळीच्या अगदी टोकावर माणूस उभा राहिला म्हणजे ती धुरजड होऊन नाकाने पाण्यात शिरावयाची. मग ती शिरत का नाही? याचे कारण असे की, त्या वेळी फुटणाऱ्या लाटेचे पाणी फळीच्या शेपटावरून वाहत असते आणि ते शेपटास दाबून धरते. पुढे माणसाचे ओझे, मागे पाण्याचे ओझे, असा तो तोल असतो. परंतु त्या क्षणी शेपूट आडवे घसरले की तोल गेलाच. ते घसरू न देणे हे पराचे काम. म्हणून टोकावर उभे राहणारे लोक मोठा, उभा आणि टोकाशी रुंद असा पर पसंत करतात. त्याचे पुष्कळसे क्षेत्र खाली संथ पाण्यात असते आणि तेथे त्यास चांगला आधार सापडतो. फळीच्या लांबीच्या फुटास पराचा एक इंच, असा त्यांचा एक ढोबळ आडाखाही आहे. त्या हिशेबाने नातीचे म्हणणे अगदीच गैर नव्हते.

वादाचा निकाल शब्दांनी लागेना, तेव्हा आम्ही सुचविले की, प्रत्यक्षासारखे प्रमाण नाही. दाराशी पेज वाहते आहे, तिलाच विचारू. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सर्व भिवपुरीच्या वाटेने नदीवर गेलो. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांतून वालाची कोवळी रोपे डोकावत होती. समोर सह्याद्रीची भिंत उन्हात न्हाऊन निघाली होती. जेथे पात्र रुंद, पाणी गुडघ्याएवढे आणि तळाशी वाटोळे धोंडे आहेत अशी जागा बंधूंच्या ओळखीच्या एका मासे धरणाऱ्या गृहस्थाने दाखविली. दाखविताना त्याने एका काळ्या धोंड्याकडे बोट करून बजाविले, "मास्तर, ह्यो धोंडा दिसेनासा झाला की सगळ्यांनी वर यायचं. पानी सुटलं म्हनून समजायचं." आम्ही तो धोंडा दृष्टीआड होऊ दिला नाही.

प्रथम पर न लावता फळीच्या नाकाशी दोरी बांधून ती प्रवाहात सोडली. शेपूट डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे भटकू लागले. बाजूने एका बोटाने ढकलले तरी फळी आडवी होई. मग आठ इंची पर बसविला. फळीच्या पोटात दहा-अकरा इंच लांबीची एक खाच असते. तीत पर पुढेमागे सरकवून स्क्रूने आवळता येतो. खाचेच्या मागच्या टोकास पर बसविताच फळी वाऱ्यावरच्या कोंबड्याप्रमाणे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहिली. तिला आडवी ढकलण्यास सबंध हाताचा जोर लागू लागला. तोच पर खाचेत पुढे सरकविला, तेव्हा ती पुन्हा थोडी मोकळी झाली आणि वळविण्यास सोपी गेली. तरफेचा नियम आम्ही मुलांस चाळीस वर्षे फळ्यावर शिकविला. तो असा नदीत उभा राहून पाहण्यात काही न्यारीच गंमत होती. पर जितका मागे, तितका निग्रह अधिक. जितका पुढे, तितकी मोकळीक अधिक.

मग दहा इंची पर लावला. त्याचा निग्रह खरोखर दांडगा. खोल पाण्यात फळी अशी उभी राहिली की जणू तळात खुंटी मारली आहे. नातीने विजयी मुद्रेने काकांकडे पाहिले. परंतु फळी दोन हात पुढे, उथळ भागात ओढताच खालून 'खट्ट' असा आवाज झाला आणि ती जागच्या जागी अडकली. पराचे टोक धोंड्यास टेकले होते. तिच्यावर त्या वेळी कोणी उभे नव्हते म्हणून बरे. असते तर फळी थांबली असती आणि माणूस थांबला नसता. आठ इंची पर त्याच जागेवरून निभावून गेला. त्याच्या मागे कललेल्या कडेवरून एक गवताची जुडीही आपोआप निसटली, जी उभ्या परास गुंडाळून बसली होती. तीन परांच्या संचाने शेपूट चांगले धरले आणि तो तळासही लागला नाही. पण तीन पर म्हणजे पाण्यास तीन अडथळे, त्यामुळे दोरीस ओढ अधिक लागली. हळू लाटेवर हा तोटा जाणवणारच.

परततांना आम्हांस भिऱ्याच्या पाण्याची आठवण झाली. तेथील वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर कुंडलिका नदीत, कोलाडजवळ, हौशी मंडळी हवा भरलेल्या तराफ्यांतून धोंड्यांमधून उड्या घेत जातात. त्या तराफ्यांस पर नसतो, सुकाणूही नसते. वल्ह्यांनीच सर्व काम चालते. कारण उघड आहे. जेथे धोंडे वीतभर खाली असतात तेथे खाली लोंबणारी कोणतीही वस्तू म्हणजे आपत्तीस निमंत्रण होय. पाण्याने परवानगी दिली तरच निग्रह करावा, हे त्या तराफ्यांचे तत्त्व.

एवढे झाले तरी मुख्य प्रश्न राहिलाच होता. नातीने समुद्रात जावे की नाही याविषयी आजीची समजूत पटली नव्हती, आणि तिची भीती निराधार होती असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि बंधाऱ्यांवर दर पावसाळ्यात सहलीस आलेली तरुण मुले बुडाल्याच्या वार्ता येतात. अधिकाऱ्यांस त्या ठिकाणी जाण्यास बंदीचे हुकूम काढावे लागतात. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली आणि हजारावर उतारूंस बोटींतून बाहेर काढावे लागले, हे वाचकांस स्मरत असेल. पाण्याने भल्याभल्यांस चकविले आहे. रात्री जेवणे झाल्यावर आजी नातीस म्हणाली, "तुला पोहता येते हे मला ठाऊक आहे. पण बुडणारेही बहुधा पोहणारेच असतात." त्यावर कोणास काही बोलता आले नाही.

आमच्या कुटुंबाचे माहेर रेवदंड्याकडचे. त्यांचे बालपण समुद्राच्या गाजेत गेले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "कोणत्या तिथीस जाणार?" नातीस तिथी ठाऊक नव्हती, तारीख ठाऊक होती. आजीने भिंतीवरचे पंचांग काढावयास सांगितले आणि मग जे समजाविले ते आमच्या कोकणातील वाचकांस परिचित असले तरी घाटावरच्या वाचकांसाठी येथे देतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. दोन्ही पक्षांस हाच नियम लागू, आणि दिवसाप्रमाणे रात्रीही तीच वेळ. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार बेताचा.

या हिशेबाने पराच्या प्रश्नावर एकदम प्रकाश पडला. अलिबागचा किनारा इतका उथळ की, ओहोटीस लोक कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जातात आणि भरतीस त्याच वाटेवरून होड्या चालतात. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाण्याच्या चढ-उतारात चार मीटरांहून अधिक अंतर पडते. म्हणजे सकाळी जो पर खोल पाण्यात सुखाने चालेल, तोच दुपारी वाळूत रुतेल. मोठ्या लाटांचे दिवस पावसाळ्याचे, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी समुद्रात पाऊल घालावयाचे नाही हा किनाऱ्यावरील लोकांचा दंडक; तो शहाणपणाचा आहे. उरलेल्या महिन्यांत लाटा लहान, मंद आणि उथळ. अशा लाटांवर लांब फळीच योग्य, कारण ती थोड्या जोरावरही तरंगत धावते. परंतु त्याच लाटांवर लांब पर अयोग्य. फळी लांब आणि पर आखूड, असा मेळ आमच्या किनाऱ्यास मानवतो.

आजीने पंचमीचा दिवस नेमून दिला. पंचमीस पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. दोन वाजता पाणी चढते असता उतरावे आणि भरती ओसरू लागताच बाहेर यावे, अशी तिची आज्ञा झाली. पर आठ इंचांचाच लावावयाचा, हे नातीने स्वतःच कबूल केले. तिचे वजन बेताचे असल्यामुळे तिला तेवढा निग्रह पुरण्यासारखा होता. टोकावर जाताना उणीव भासू नये म्हणून पर खाचेत अगदी मागे बसवावा, असे तिने ठरविले. ज्या प्रश्नावर तीन दिवस वाद चालला होता तो पंचांगाने मिटविला.

पंचमीच्या आधल्या दिवशी आम्ही व आमचे कुटुंब खोपोलीच्या लोकलने निघालो; फळी आणि तरुण मंडळी मोटारीने पुढे गेली. कर्जताहून खोपोलीस जाणारा हा लोहमार्गाचा फाटा लहानसा, पण फार रम्य आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चिमुकली स्थानके; एका बाजूस घाटाची भिंत आणि दुसऱ्या बाजूस शेते. खोपोलीस उतरून आम्ही नाना फडणीसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर यांचे दर्शन घेतले. डोंगरावरून उतरणारे वीजघराचे नळ दुरूनही दिसतात. नळांत कोंडलेले ते पाणी खाली येऊन पुन्हा नदी होते आणि निमूटपणे वाहू लागते, हे पाहून मनास समाधान वाटते.

तेथून मोटारीने थोडी वाट वाकडी करून उंबरखिंडीकडे गेलो. खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी हे ठिकाण आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी येथे शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली. खानाबरोबर माणसे, घोडी, तोफा, खजिना, सरंजाम सर्व काही विपुल होते. त्याच्याबरोबर माहूरची रायबागन ही शूर सरदारीणही होती. परंतु खिंड अरुंद, दोहो बाजूंस रान, आणि मोठ्या फौजेस वळावयास जागा नाही. मैदानावर जे बळ होते तेच खिंडीत ओझे झाले. अखेर खानाने शरण येऊन, सरंजाम मागे टाकून, वाट मागून घेतली. नदीकाठच्या स्मारकापाशी उभे असता आमची नात हळूच म्हणाली, "आजोबा, खानाने दहा इंची पर आणला होता." शिक्षकाच्या नातीस शोभेल असे ते उत्तर होते. जागा पाहून सामर्थ्य आणावे, हेच या खिंडीचे सांगणे आहे.

पेणवरून आम्ही अलिबागेकडे गेलो आणि पंचमीस दोन वाजता नागावच्या किनाऱ्यावर होतो. लाटा मांडीएवढ्या, मऊ आणि दूरवर पसरत जाणाऱ्या. आजी वाळूत एका छत्रीखाली बसली. तिचे लक्ष नातीपेक्षा पाण्याच्या रेघेवर अधिक होते. पहिल्या काही लाटांत विशेष घडले नाही. मग एक लाट चांगली आली. नात उठून उभी राहिली, फळी तिरकी धावू लागली, आणि ती एक पाऊल, दोन पावले, तीन पावले पुढे सरकली. दहा बोटे बाहेर निघाली नाहीत. एका पायाची पाचच निघाली असतील. पण शेपूट जागच्या जागी राहिले आणि पर एकदाही वाळूस टेकला नाही. पाणी गुडघ्याएवढे होताच ती आपण होऊन खाली उतरली. भरती पुरी झाली, तेव्हा आजीने हात उंच केला आणि नात फळी काखेत घेऊन मुकाट्याने बाहेर आली.

या विद्येची आवड असलेली तरुण मंडळी आता आमच्या वाचकांच्या घरांतूनही निघू लागली आहेत, म्हणून या अनुभवाचे सार देतो. खोल पाणी आणि तळाशी धोका नसेल, तर टोकावर उभे राहण्यासाठी फळीच्या फुटास इंच या मापाचा, उभा आणि रुंद टोकाचा पर घ्यावा. पाणी उथळ असेल तर त्यातून एक-दोन इंच कमी करावेत, बुडाशी रुंद आणि किंचित कललेला पर निवडावा व तो खाचेत मागे सरकवून बसवावा. त्याहूनही उथळ जागी मध्ये लहान पर आणि बाजूंस दोन छोटे, असा संच चालेल. मात्र थोडा वेग गमवावा लागेल. नवशिक्याने आणि गर्दीच्या किनाऱ्यावर रबरासारख्या मऊ कडेचा पर वापरावा, कारण कठीण पराची कड अंगास लागल्यास सुरीप्रमाणे कापते. माणूस उभा असता फळी काही बोटे बुडते, त्याखाली पर आठ बोटांहून अधिक लोंबतो, आणि लाटेचा उतार येताच तळ आणखी जवळ येतो. म्हणून गुडघ्याएवढ्या पाण्यात कधीही फळीवर राहू नये. पडावयाचे झाल्यास डोक्यावर न पडता आडवे, पसरून पडावे. आणि समुद्रावर निघण्यापूर्वी तिथी पाहावी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपण व्यवहारात नित्य वापरतो. निग्रहासही हीच म्हण लागू आहे. अधिक धरून ठेवणे म्हणजे अधिक सुरक्षित, असे मोठ्या माणसांस वाटते. अजिबात न धरणे म्हणजे स्वातंत्र्य, असे तरुणांस वाटते. पेज नदीत फळी धरून उभे असता आम्हांस दोन्ही पक्षांचे उत्तर मिळाले. पर नसेल तर फळी भटकते. पर फार मोठा असेल तर ती पहिल्याच धोंड्यावर अडते आणि स्वारास फेकून देते. घरातील वडीलधाऱ्यांनी किती धरावे आणि किती सोडावे, हे पाण्याची खोली पाहूनच ठरविले पाहिजे; आणि ती खोली दर दिवशी, दर प्रहरी बदलत असते. आमच्या घरी आता पंचांगात सणवार पाहण्याआधी भरतीची वेळ पाहण्याचा प्रघात पडला आहे. ती पाहून सांगण्याचे काम आजीने स्वतःकडे घेतले असून पुढच्या खेपेस सप्तमी धरावी की अष्टमी, याविषयी आजी व नात यांचा पत्रव्यवहार सुरू आहे.